चाचणी सगळ्यांची, विटाळ मात्र एकटीचा

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तिचं रक्त घेतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर अशा तपासण्या होतात. त्याच रक्तातून एचआयव्ही आणि सिफिलिस यांचीही तपासणी होते, आणि अलीकडच्या वर्षांत त्यात हिपॅटायटिस बी ची भर पडली आहे. यातलं बहुतेक बायकांना कुणी सांगत नाही. घरी आल्यावर त्या "रक्त तपासलं" एवढंच सांगतात.

आपल्या चळवळीत या तपासण्यांवर फारसं कुणी लिहीत नाही. शिष्यवृत्ती, आरक्षण, ॲट्रॉसिटी, विद्यापीठांतला भेदभाव यांवर आपण भरपूर लिहितो आणि लिहायलाच हवं. पण गरोदर बाईची लैंगिक आजारांसाठी होणारी तपासणी हा विषय निघाला की आपल्यातले शिकलेले लोकही खाली बघतात. माझं म्हणणं असं आहे की हा जातीचा प्रश्न आहे आणि तो आपणच हातात घेतला पाहिजे.

हे मी अनुभवातून म्हणते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. समाजकार्य शिकले आणि आठ वर्षं एका सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, कंत्राटावर समुपदेशक होते. माझ्या टेबलासमोर रोज गरोदर बायका बसायच्या. त्यातल्या बहुतेकींचा निकाल चांगलाच यायचा. ज्यांचा तसा यायचा नाही, त्यांच्याशी दवाखाना, सासर आणि गाव कसे वागतात ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी आजार समजून घेऊ. सिफिलिसला आपल्याकडे जुनी माणसं 'गरमी' म्हणतात. पहिल्या टप्प्यात एक फोड किंवा जखम होते. ती दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बाईच्या बाबतीत ती आतल्या बाजूला असेल तर तिला कळतही नाही. पुढे अनेक वर्षं काहीच त्रास नसतो, पण जंतू रक्तात असतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. मग पोटात मूल दगावतं, दिवस भरायच्या आत प्रसूती होते, किंवा मूल जन्मून काही दिवसांत जातं. काही मुलं जन्मताना धडधाकट दिसतात आणि नंतर हाडं, डोळे, कान यांच्या तक्रारी सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात सुमारे ७ लाख गर्भांना किंवा बाळांना आईकडून सिफिलिसची लागण झाली. त्यातून सुमारे दीड लाख गर्भ पोटातच दगावले आणि सुमारे ७० हजार बाळं जन्मानंतर लगेच गेली.

आता यावरचा उपाय बघा. बोटातून एक थेंब रक्त घेऊन वीसेक मिनिटांत तपासणी होते. सिफिलिस निघाला तर बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन द्यायचं. संसर्ग किती जुना आहे ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन द्यायची. औषध जुनं आहे, स्वस्त आहे आणि त्याला पर्याय नाही, कारण पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोचून त्याला बरं करणारं दुसरं औषध नाही. पेनिसिलिन देशात बनावं म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या औषधाने हे मृत्यू टळतात ते आपल्या देशात सत्तर वर्षांपासून बनवता येतं. तरीही बाळं दगावत असतील तर दोष विज्ञानाचा नाही.

एचआयव्हीचंही तसंच. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर गोळ्या सुरू केल्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. आपल्या देशात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीग्रस्त गरोदर बाईला आयुष्यभर मोफत औषधं देण्याचं धोरण आहे. हिपॅटायटिस बी मध्ये तर लस आहे. जन्मताना लागण झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ बाळांमध्ये हा आजार कायमचा राहतो, पण जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस दिला तर बहुतेक बाळं वाचतात. आई पॉझिटिव्ह आहे हे आधी कळलं तर बाळासाठी लसीसोबत द्यायचं वेगळं इंजेक्शनही तयार ठेवता येतं.

क्युबाने २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ साली आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेकडून प्रमाणित करून घेतलं. हे श्रीमंत देश नाहीत. त्यांनी प्रत्येक गरोदर बाईपर्यंत तपासणी आणि औषध पोचवलं.

'प्रत्येक' हा शब्द माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. तपासणी सगळ्यांची करायची की 'संशय' असलेल्यांची, हा वाद जुना आहे. संशयावर चाललेल्या तपासणीचा इतिहास आपण विसरू नये. १८६८ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा केला. वेश्या म्हणून नोंद झालेल्या बायकांची सक्तीने तपासणी व्हायची आणि रोग आढळला तर त्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवलं जायचं. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर या कायद्याची काही सक्ती नव्हती. पुढे १८८८ साली तो रद्द झाला. पण आजार बाईच्या अंगात असतो आणि तोही 'तसल्या' बाईच्या, ही समजूत रद्द झाली नाही.

आपल्या समाजात 'तसली' कोण हे जात ठरवते. देवदासी म्हणून सोडलेल्या मुली कोणत्या जातींतल्या होत्या ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या वाचकांना सांगायला नको. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली त्याविरुद्ध कायदे केले, पण त्या जातींकडे बघायची नजर कायद्याने बदलली नाही. भटक्या-विमुक्तांमधल्या काही जमातींच्या बायकांवर तर जन्मतःच शिक्का असतो. माझ्या कामाच्या काळात "त्या वस्तीतल्या बायकांची नीट तपासा हं" असं सांगणारे लोक मला भेटले. त्याच तोंडाने "मॅडम चांगल्या घरातल्या आहेत, त्यांना एचआयव्हीचं काय विचारायचं" असंही ते म्हणायचे. यात नुकसान दोघींचं होतं. एकीचा अपमान होतो आणि दुसरीची तपासणी राहून जाते.

म्हणून सरसकट तपासणी हा मला समतेचा मुद्दा वाटतो. सावकाराची सून आणि वीटभट्टीवरची मजूर यांचं रक्त एकाच कारणासाठी, एकाच पद्धतीने घेतलं जातं तेव्हा त्या तपासणीला कुणाच्या चारित्र्याशी देणंघेणं उरत नाही. लग्नानंतर नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध न आलेल्या किती बायका पॉझिटिव्ह निघतात, ते कुठल्याही आयसीटीसी समुपदेशकाला विचारा. तपासणी बाईची होते म्हणून आजारही बाईच्या नावावर लागतो, एवढंच.

पण धोरणात सरसकट असलेली तपासणी प्रत्यक्षात कुठे गळते? पहिली गळती वेळेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. या आकड्याची खूप जाहिरात होते. त्याच पाहणीत पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या आया ७० टक्के आणि चार किंवा जास्त तपासण्या झालेल्या ५८.१ टक्के आहेत. म्हणजे बाळंतपणाच्या दिवशी बाई दवाखान्यात येते, पण त्याआधीच्या महिन्यांत आपली यंत्रणा तिच्यापर्यंत पुरेशी पोचलेली नसते. सिफिलिसच्या बाबतीत तर आईचं इंजेक्शन बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी झालं तरच बाळासाठी तो उपचार पुरेसा धरतात. कळा सुरू झाल्यावर केलेल्या तपासणीने बाळावर लगेच उपचार सुरू करता येतात, पण पोटात झालेलं नुकसान भरून येत नाही.

उशिरा कोण येतं? बीडची ऊसतोड कामगार बाई दिवाळीच्या सुमाराला नवऱ्यासोबत कारखान्यावर जाते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. तिच्या गरोदरपणाचे सहा महिने फडात जातात. नाव नोंदलेलं असतं गावात, कार्ड राहतं घरी आणि कारखान्याच्या गावातली आशा तिला ओळखत नाही. ओडिशातल्या बलांगीर-नुआपाड्याहून तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचं तेच होतं, आणि छत्तीसगड, बिहारमधून उत्तरेकडच्या भट्ट्यांवर जाणाऱ्यांचंही. या टोळ्यांमध्ये कोणत्या जाती-जमाती आहेत ते बघायला जनगणनेची गरज नाही.

अशीच एक बाई सातव्या महिन्यात माझ्यासमोर आली होती. आधीची दोन मुलं पोटात गेलेली. सासूने देवऋषी करून झाला होता. दोन्ही खेपांना तिची सिफिलिसची तपासणी झालीच नव्हती, कारण दोन्ही वेळा ती हंगामावर होती. तिसऱ्या खेपेला मुकादमाशी भांडून ती लवकर परतली म्हणून तपासणी झाली. तिला तीन इंजेक्शनं मिळाली, नवऱ्यालाही मिळाली आणि मूल जगलं. तिने मला विचारलं होतं, "ताई, पहिल्या दोघांच्या वेळी हे नव्हतं का?" होतं. औषधही होतं आणि योजनाही होती. तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

दुसरी गळती इंजेक्शनच्या टेबलावर आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. म्हणून अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते द्यायला कर्मचारी घाबरतात आणि बाईला "जिल्ह्याला जा" म्हणून चिठ्ठी देतात. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबत एक माणूस. तीन इंजेक्शनं म्हणजे तीन खेपा. त्यात एखाद्या खेपेला औषधच शिल्लक नसलं की ती परत येत नाही. रजिस्टरमध्ये मात्र 'संदर्भित' असा शेरा लिहून प्रकरण मिटतं. प्रशिक्षण आणि ॲलर्जी आली तर लागणारी औषधं हाताशी ठेवणं एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

तिसरी गळती भाषेची आहे. आपल्या देशात गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी नेहमीच्या तपासण्यांबरोबर होते, पण आधी समजावून सांगणं आणि संमती घेणं बंधनकारक आहे. ती नाहीही म्हणू शकते. मेळघाटातल्या कोरकू बाईला मराठीत, झारखंडातल्या संथाळ बाईला हिंदीत भराभर चार वाक्यं सांगून अंगठा घेतला तर ती संमती होत नाही. पदवी घेतलेला आपला एखादा मुलगा बँकेच्या अर्जावर सही करताना सगळं वाचून घेतो. त्याच्या आईचा आणि बहिणीचा अंगठा मात्र आजही न वाचता उमटतो.

या तीनही गळत्या पार करून ज्या बाईचा निकाल पॉझिटिव्ह येतो, तिची खरी परीक्षा प्रसूतिगृहात सुरू होते. आपल्याकडे बाळंतपणाला मुळातच विटाळ मानतात. बाळाची नाळ कापणं, वार पुरणं, बाळंतिणीचे कपडे धुणं ही कामं देशाच्या अनेक भागांत पिढ्यान्‌पिढ्या दलित बायकांकडे दिली गेली, कारण ते रक्त इतरांना बाटवणारं होतं. आज दाईच्या जागी नर्स आणि डॉक्टर आहेत, पण विटाळ गेला असं मला म्हणता येत नाही. मी काम करत होते तिथे पॉझिटिव्ह बाईच्या केसपेपरवर लाल शाईत मोठ्या अक्षरांत लिहायचे, ते वॉर्डातल्या कुणालाही दिसायचं. तिची खाट कोपऱ्यात असायची. तिची प्रसूती शेवटी करायची, तिच्या जवळची स्वच्छता तिच्याच नातेवाइकांकडून करून घ्यायची. मी तक्रार केली तेव्हा "आम्ही आमची काळजी घ्यायची नाही का?" असं उत्तर मिळालं.

काळजी घ्यायलाच हवी. पण ती कशी घ्यायची हे वैद्यकशास्त्राने ठरवून दिलं आहे. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्ग असलेलंच आहे असं धरून हातमोजे, गाऊन, चष्मा वापरायचा आणि सुया नीट टाकायच्या. कारण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि तपासणीच न झालेली बाई मध्यरात्री कळा देत येऊ शकते. जो कर्मचारी फक्त लाल शाई बघून हातमोजे घालतो तो इतर सगळ्यांच्या बाबतीत स्वतःला धोक्यात टाकतो. म्हणजे लाल शाईने त्याचंही रक्षण होत नाही. ती फक्त बाईला वेगळं काढते, आणि माणसाला असं वेगळं काढण्याला आपल्या देशात हजारो वर्षांचं नाव आहे.

आणि ही बाई दलित किंवा आदिवासी असेल तर ते वेगळं काढणं दुप्पट होतं. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरच्या अभ्यासात ३३ टक्के गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचं आढळलं होतं. जी आरोग्यसेविका घरात पाय ठेवत नाही, ती गरोदर बाईशी लैंगिक आजारांबद्दल मोकळेपणाने काय बोलणार? उंबऱ्याबाहेर उभं राहून, चार माणसांदेखत?

गुप्तता मोडली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. निकाल आधी सासूला किंवा नवऱ्याला सांगतात, बाईला शेवटी. नवऱ्याची तपासणी होण्याआधीच बाईला माहेरी पाठवलेलं असतं. इथे कायदा काय म्हणतो ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल इतरांना सांगता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत. जोडीदाराला सांगण्याची तरतूद आहे, पण त्यामुळे बाईवर हिंसा होईल किंवा तिला टाकून देतील अशी भीती असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने सांगायचं नाही. तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात ओम्बुड्समन नेमायचा आहे. तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणं हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण २०१७ च्या कायद्याचं संरक्षण फक्त एचआयव्हीपुरतं आहे. सिफिलिस किंवा हिपॅटायटिस बी निघालेल्या बाईला असं खास संरक्षण देणारा कायदा नाही. ते मिळावं ही मागणी आपण केली पाहिजे.

चळवळीतल्या काही जणांचा यावर आक्षेप असतो आणि तो मी हलका समजत नाही. ते म्हणतात, "आपल्या बायकांच्या चारित्र्यावर हे लोक आधीच चिखल उडवतात. आता आपणच वस्तीत लैंगिक आजारांच्या गोष्टी करायला लागलो तर त्यांच्या हातात कोलीत मिळेल." ही भीती खरी आहे. पण गप्प बसण्याची किंमत कोण देतं ते बघा. बाईच देते. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, ती सांगत नाही. सांगते तेव्हा खासगी डॉक्टर "पिशवी काढून टाका" म्हणतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा आकडा २०१९ साली सरकारने विधिमंडळात दिला होता. त्यातल्या सगळ्या शस्त्रक्रिया संसर्गासाठी नव्हत्या. पण साध्या औषधांनी बरा होणारा त्रास वेळेवर विचारला गेला नाही म्हणून पिशवी गमावलेल्या बायका मला भेटल्या आहेत, त्यातल्या काही तिशीच्या आतल्या होत्या.

शिवाय लाज ही आपली परंपरा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी तिथे यावं आणि बाळंत व्हावं, मूल कुणाचं ते कुणी विचारणार नाही, अशी ती जागा होती. आलेल्या बायका बहुतेक ब्राह्मण होत्या आणि दार उघडणारं जोडपं शूद्र. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांना प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्याच्या विधेयकाची बाजू घेतली आणि ते राष्ट्राच्या हिताचं आहे असं मांडलं. गरोदर बाईच्या शरीराची जबाबदारी समाजाची आहे, हे आपल्याला शिकवणारी माणसं आपलीच आहेत. मग तिच्या रक्ताच्या तपासणीबद्दल बोलायला आपण का कचरतो?

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, तपासणी सक्तीची करा, लग्नाआधीच करा, पॉझिटिव्ह असेल त्याचं नाव जाहीर करा. हा १८६८ चाच कायदा नव्या रूपात आहे. सक्ती आली की माणसं दवाखान्यापासून लांब पळतात, आणि पळण्याची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच वाटते ज्यांना दवाखान्याने आधीच दुखावलेलं असतं.

पदवीधर म्हणून तुम्ही काय करू शकता? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात रिपोर्ट वाचणारा माणूस एकच असतो, आणि तो आपण असतो. बहीण, वहिनी, मामी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आणि विचारते, "काय लिहिलंय?" त्या वेळी नीट सांगता आलं पाहिजे. व्हीडीआरएल किंवा आरपीआर 'रिॲक्टिव्ह' आली म्हणजे सिफिलिस नक्की झाला असं नाही. गरोदरपणात किंवा दुसऱ्या काही आजारांत ती खोटीही येऊ शकते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करतात. पण त्या कारणाने डॉक्टर सांगत असलेलं इंजेक्शन लांबवू नये. टीपीएचए तर उपचार होऊन बरं झाल्यावरही बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. दुसऱ्या बाळंतपणात ती पॉझिटिव्ह आली म्हणून बाईला पुन्हा आजार झाला किंवा ती खोटं बोलली असा अर्थ काढू नका. एचआयव्हीचं निदान एका तपासणीवर करत नाहीत, आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या तपासण्या करून मगच ते पक्कं होतं. निकाल पॉझिटिव्ह असला तरी पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजायला सांगतात, आईची आणि बाळाची औषधं चालू ठेवून. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते. आणि नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर बाईला सिफिलिस पुन्हा होऊ शकतो. भाऊ किंवा दीर म्हणून ही गोष्ट नवऱ्याशी तुम्ही बोलू शकता. ती बोलली तर मार खाते.

आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात बेंझाथिन पेनिसिलिन किती दिवस शिल्लक नव्हतं, तपासणीचे किट कधी संपले, सिफिलिस निघालेल्या किती बायकांना इंजेक्शन मिळालं आणि किती नवऱ्यांना मिळालं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. नावं मागायची नाहीत, फक्त आकडे. ज्या राज्यात ओम्बुड्समन नेमलेला नाही तिथे तो नेमायची मागणी करता येते. जयंतीच्या कार्यक्रमात रक्तदान शिबिर आपण घेतोच. त्याच मांडवात एखाद्या वर्षी आशा आणि समुपदेशकांना बोलवा आणि पुरुषांना समोर बसवा.

सरकारकडे मागण्या साध्या आहेत. पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन बाईला तिच्या जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळालं पाहिजे. कारखाना आणि वीटभट्टीच्या गावात स्थलांतरित बाईची नोंद आणि तपासणी कार्डाशिवाय झाली पाहिजे, आणि तिचा निकाल तिच्यासोबत पुढच्या जिल्ह्यात गेला पाहिजे. समजावणं तिच्या भाषेत झालं पाहिजे. केसपेपरवरची लाल शाई बंद झाली पाहिजे. आणि हे काम करणाऱ्या आशा, समुपदेशक, लॅब टेक्निशियन यांना मानधन आणि कंत्राटावर किती वर्षं ठेवणार याचं उत्तर मिळालं पाहिजे, कारण ज्यांच्या स्वतःच्या नोकरीची खात्री नाही त्यांनी वॉर्डातल्या भेदभावाविरुद्ध तक्रार करावी ही अपेक्षा फार मोठी आहे.

रक्त सगळ्यांचं सारखंच तपासतात. निकाल आल्यावर वागणूकही सारखी मिळाली पाहिजे, एवढीच मागणी आहे.

जय भीम.